लुटुपुटीची लढाई आणि तिचे प्रमाणपत्र

मुले अंगणात लुटुपुटीची लढाई खेळू लागली की पहिले भांडण नियमांवरून होते. एकजण ओरडतो, 'तू मेलास!' दुसरा म्हणतो, 'मला लागलेच नाही!' संगणकावर युद्धसराव करणाऱ्या आधुनिक सैन्यांपुढेही नेमकी हीच अडचण उभी राहते.

रणगाड्याच्या अंतर्भागाची हुबेहूब प्रतिकृती उभारून पडद्यावर रणभूमी दाखविणाऱ्या यंत्रास सिम्युलेटर म्हणतात. त्यात इंधन व दारूगोळा वाचतो आणि चुकीपायी कोणाचे प्राण जात नाहीत. अमेरिकेच्या 'डार्पा' या संस्थेने १९८३ साली 'सिमनेट' प्रकल्प हाती घेऊन अशी अनेक यंत्रे एकमेकांस जोडली. परंतु निरनिराळ्या कारखान्यांची विमाने, जहाजे व रणगाडे एकाच लढाईत आणावयाचे, तर सर्वांना समान भाषा हवी. त्यासाठी 'हाय लेव्हल आर्किटेक्चर' ही नियमावली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९६ साली स्वीकारली. २००० साली 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेने तिला १५१६ या क्रमांकाचे मानक केले. तिचे मूळ नियम दहाच: पाच संपूर्ण संघासाठी, पाच त्यातील प्रत्येक घटकासाठी.

या नियमांची परीक्षा कशी घेतात? आपले यंत्र कोणती माहिती देईल व कोणती घेईल, याचे लेखी कोष्टक उमेदवाराने आधी सादर करावयाचे. मग यंत्र प्रत्यक्ष चालवून त्याचे व्यवहार त्या कोष्टकाशी ताडून पाहतात. बोलल्याप्रमाणे वागला, तो उत्तीर्ण. 'नाटो' राष्ट्रांनीही हे मानक स्वीकारले असून अशा चाचणीचे साधन तयार केले आहे.

मात्र व्याकरणात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी नेहमी खरेच बोलेल, अशी हमी कोणताही शिक्षक देणार नाही. समजा, एका यंत्राच्या नकाशात टेकडीवर दाट झाडी आहे. दुसऱ्याच्या नकाशात ती नाही. पहिला शिपाई झाडीआड निर्धास्त लपतो. दुसऱ्याला तो उघड्या माळावर उभा दिसतो. प्रमाणपत्र दोघांपाशी आहे, संदेशही निर्दोष आहेत. तरी लढाई खोटी ठरते. त्याहून वाईट हे की, चुकीचा धडा घेऊन तो शिपाई उद्या खऱ्या रणांगणावर जातो.

म्हणूनच नकाशा, शस्त्रांचा पल्ला व जखमांचा हिशेब वास्तवाशी जुळतो की नाही, याची तपासणी वेगळी करावी लागते. प्रमाणपत्राने संवादाची वाट मोकळी होते. त्या वाटेवरून सत्य चालते की नाही, हे माणसालाच पाहावे लागते.