शेवटची सुई कोणाच्या हाती?

ट्रकखाली सापडलेला कुत्रा रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. कणा मोडलेला, मागचे अंग लुळे, पण जीव जात नाही. कोणी म्हणतो काठीने संपवा, कोणी भाकरीत विष घालायला सांगतो, बाकीचे तोंड फिरवून निघून जातात. शेतकरी बंधुभगिनींनो, असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अशा मुक्या जिवाला वेदनेतून सोडवायचे कसे, आणि त्याचे औषध कोणाच्या ताब्यात असावे, याचा थोडा विचार करू.

या कामासाठी पशुवैद्य सर्वांत चांगले मानतात ते औषध म्हणजे पेंटोबार्बिटाल. हे मुळात झोप आणणारे औषध. मोठी मात्रा शिरेतून दिली की जनावर काही सेकंदांत बेशुद्ध होते, मग श्वास बंद पडतो आणि शेवटी हृदय. बेशुद्धी आधी येते, म्हणून पुढचे दुःख त्याला कळत नाही. काजऱ्याच्या बीतील विषाचे, म्हणजे स्ट्रिक्निनचे, याच्या अगदी उलट. त्याने झटके येतात, अंग ताठते आणि जनावर शुद्धीवर राहून तडफडते. शिवाय विषाचे आमिष शेजाऱ्याचे मांजर खाईल, की लहान मूल हात लावील, याचा नेम नाही.

मग हे चांगले औषध प्रत्येक पांजरपोळात आणि प्राण्यांच्या निवाऱ्यात सरसकट का ठेवू नये? कारण ते माणसालाही तितकेच घातक आहे. आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत पेंटोबार्बिटालचे नाव आहे. नियमाबाहेर ते बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. जनावरांना भूल देण्याचे केटामिन नशेसाठी वापरले जाऊ लागले, तेव्हा 2011 मध्ये तेही या यादीत आले. म्हणजे कुलूप हवेच.

पण कुलूप हवे तशी किल्लीही जवळ हवी. अमेरिकेत यावर एक तोड निघाली आहे. तेथील बऱ्याच राज्यांत निवाऱ्याला स्वतःच्या नावाने नोंदणी करून हे औषध ठेवता येते, आणि खास शिक्षण घेतलेला कर्मचारी ते देऊ शकतो. त्याबरोबर बंधनेही आहेत. औषध मजबूत कुलपाच्या कपाटात ठेवावे लागते, वापराची नोंद निदान दोन वर्षे जपावी लागते आणि चोरी झाल्यास सरकारला कळवावे लागते.

आपल्याकडे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी भटक्या कुत्र्यालाच असे मरण देता येते, आणि तेही पात्र पशुवैद्याकडून. दुसऱ्या कुत्र्यासमोर हे करू नये, असेही नियम सांगतो. नियम चांगला आहे. पण डॉक्टर तालुक्याला असला आणि औषध त्याहून दूर, तर जखमी जनावराची रात्र तळमळण्यातच जाते. म्हणून निवारा चालवणाऱ्यांनी डॉक्टर कधी येतील, ते रजेवर असता कोण येईल आणि औषधाचा हिशेब कोण ठेवील, हे आधीच ठरवून घ्यावे.

आपण काय करावे?

1. जनावरांच्या डॉक्टरचा आणि जवळच्या निवाऱ्याचा फोन नंबर घरात लिहून ठेवा.

2. विष, काठी किंवा ऐकीव इंजेक्शन स्वतः वापरू नका. गाय-बैलांविषयी राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

3. डॉक्टर येईपर्यंत जनावर सावलीत ठेवा आणि गर्दी हटवा. दुखावलेले जनावर चावते, हे विसरू नका.

4. या औषधाने मेलेले जनावर उघड्यावर टाकू नका. औषध मांसात टिकून राहते आणि ते खाणारी गिधाडे, घारी, कुत्री मरतात. खोल खड्ड्यात पुरावे किंवा जाळावे.

5. निवाऱ्याच्या कमिटीवर असाल तर कपाटाचे कुलूप आणि नोंदवही महिन्यातून एकदा स्वतः पाहा. बाटलीत उरलेले औषध वहीतल्या आकड्याशी जुळले पाहिजे.

आपल्या दारची जनावरे आयुष्यभर आपल्यासाठी राबतात आणि राखण करतात. त्यांचा शेवट तडफडत होऊ नये, एवढी काळजी तरी आपण घेऊ या.