मधुमेह आणि मूत्रपिंडातील भट्ट्या

मधुमेहाने मूत्रपिंडे बिघडतात, ही गोष्ट आता आपल्या घराघरांत ठाऊक झाली आहे. परंतु ती कशी बिघडतात असे विचारले असता पुष्कळ बंधू ‘साखरेने गाळणी खराब होते’ एवढेच सांगतात. हे उत्तर खोटे नाही. पण अर्धे आहे, असे आम्हांस वाटते.

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या शतांशाहूनही कमी भरते. तरीही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्या वाट्यास येतो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो आणि लघवी होते ती अवघी दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी, क्षार आणि साखर सूक्ष्म नलिका पुन्हा रक्तात घेतात. गाळण्याचे काम रक्ताच्या दाबाने होते. परत उचलण्यासाठी मात्र नलिकांच्या पेशींना पदरचे इंधन जाळावे लागते. खरा खर्च येथे आहे.

हे इंधन जाळणाऱ्या पेशींतील सूक्ष्म भट्ट्यांस तंतुकणिका म्हणतात. त्यांचे ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये योजले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही धागा आणि कण असाच आहे. हृदयाखालोखाल मूत्रपिंडातच त्यांची दाटी असते.

रक्तातील साखर वाढली की गाळलेल्या द्रवातही ती वाढते आणि नलिकांचे ओझे वाढते. प्राणवायू अधिक खर्च होतो. पुढे तंतुकणिका तुटून बारीक होतात, मोडक्या कणिका निकालात काढण्याची पेशीची व्यवस्था मंदावते, आणि जी चरबी जाळून या पेशी जगतात तीच न जळता आत साठू लागते. कालांतराने पेशी क्षीण होऊन तेथे व्रणासारखे निबर तंतू माजतात.

आरंभ कोठे होतो यावर विद्वानांचे एकमत नाही. मायकेल ब्राउनली यांचा २००१ मधील सिद्धान्त असा की, जादा साखरेने भट्टी भडकते व घातक प्राणवायुकण उत्पन्न होतात. उलट कुमार शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ मध्ये मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडांत भट्टी मंदावलेली आढळली. तेव्हा कणिकांना बळ देण्याच्या नावाखाली कोणी महागड्या पुड्या विकू लागल्यास हात आखडता घेतलेला बरा.

हा बिघाड वर्षानुवर्षे दुखत-खुपत नाही. म्हणून मधुमेह्याने दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅम किंवा अधिक आले तर पुन्हा तपासावे. रक्तातील क्रिएटिनिनही त्याबरोबरच पाहावे.

उपायांत ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गाच्या गोळ्यांचा विशेष उल्लेख केला पाहिजे. त्या नलिकांना साखर परत उचलू देत नाहीत. ओझे हलके होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅनाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंड निकामी होणे व तत्सम गंभीर परिणामांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. मात्र पर्युषणात अठाईसारखे दीर्घ उपवास करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. अन्न बंद असता त्या चालू राहिल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला दिसेलच असे नाही.