गोणाईचं भांडण

माउली, आज घरातल्या भांडणाचा विचार करू. कॉलेजात जाणारं लेकरू आणि मायबाप यांचं पटत नाही, ही तक्रार ताडकळसात घरोघर ऐकू येते. बाप म्हणतो, सोयाबीन विकून फी भरली, आता हा शेताकडं बघत नाही. मुलगा म्हणतो, माझं कुणी ऐकूनच घेत नाही. मुलीचं त्याहून अवघड. ती परीक्षेचं बोलते, घर स्थळाचं बोलतं.

हे आजचं नाही. नामदेवरायांचं घर बघा. नरसी काही परमुलूख नव्हे. १९९९ साली हिंगोली वेगळी होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. त्यांच्या घरच्या जनाबाई तर आपल्या गंगाखेडच्या. वडील दामाशेटी शिंपी. पोरानं गज-कात्री धरावी, संसार बघावा, ही त्यांची अपेक्षा. आणि पोरगा बसलेला देवळात! मग आई गोणाई काय करते? अबोला धरत नाही. मुलाला तोंडावर बोलते, थेट पांडुरंगाशी भांडते, की माझं लेकरू तू तोडलंस. बायको राजाई रुक्मिणीपाशी गाऱ्हाणं नेते. ही सगळी भांडणं नामदेव गाथेत आहेत. कुणी लपवली नाहीत, हे ध्यानात घ्या.

पुढं नामदेवराय पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. हे गोणाईला तेव्हा कसं दिसावं? तिची काळजी खोटी नव्हती, लेकाची ओढही खोटी नव्हती. पोरांनो, तुम्हीही ऐका. बापाच्या धंद्याची त्यांनी लाज धरली नाही. सुई-दोरा, गज-कात्री त्यांच्या पदांत आली.

आता माझं सांगतो. पोरानं शिक्षण मधेच बदललं, म्हणून मी आठ महिने त्याच्याशी बोललो नाही. इथं उभा राहून दोन-दोन तास बोलणारा मी! घरात मात्र "त्याला जेवायला सांग" हा निरोपसुद्धा त्याच्या आईमार्फत. एका रात्री ती म्हणाली, "महाराज, गोणाई लोकांना सांगता, घरी कधी आणणार?" मी उठलो, पोराजवळ जाऊन बसलो. भांडण झालं, मोठं झालं. पण सकाळी चहा त्यानं आणून दिला.

म्हणून माउली, भांडा, पण अबोला धरू नका. बोलणाऱ्या घरात वाट निघते.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!