कॅमेरा घेताना आधी चौकट पाहा
बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला. त्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. आज प्रश्न घडवण्याचा नाही, निवडीचा आहे. प्रकाश टिपणारी चौकट केवढी, हे आधी पाहा. ३५ मिमी फिल्मवर सिनेमाची चौकट साधारण २२ × १६ मिलिमीटर, १६ मिमीवर १० × ७.५, तर १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ वर जेमतेम ६ × ४. चौकट जितकी लहान, तितकं चित्र पडद्यावर जास्त ताणलं जातं आणि त्यातले कण दिसू लागतात. डिजिटलमध्येही तेच: छोट्या सेन्सरला प्रकाश कमी मिळतो, म्हणून अंधारातलं चित्र खरखरीत येतं. खिसा बेताचा असेल, तर जादा मेगापिक्सेलपेक्षा ट्रायपॉड, एलईडी दिवा आणि कॉलर माइकवर खर्च करा.