जपानीची वाट मराठीतून

छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. 2019 मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची तर कोणती? बऱ्याच मुलांनी जपानी सांगितली, कारण त्यांना रोबोटिक्समध्ये रस होता. खेड्यातली, मराठी शाळेतली मुलं जपानी बोलतात ही बातमी पुढच्या वर्षी देशभर गेली, ती एक नवल म्हणून. गोदावरीच्या अलीकडे आमचा बीड जिल्हा. इथे केज-माजलगावच्या एखाद्या मुलीने जपानीचं नाव काढलं तर घरचे, शेजारचे म्हणतात, "आधी इंग्रजी तरी नीट येऊ दे!" सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

"इंग्रजी पक्कं असेल तरच जपानी जमते"

जपानी जगातल्या सर्वांत अवघड भाषांपैकी एक, हे आपण ऐकलेलं असतं. ते आलं कुठून? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषासंस्था आहे. जपानी कामापुरती यायला सुमारे 2200 तास लागतात, असा तिचा हिशोब आहे. स्पॅनिशला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. त्यांना क्रियापद शेवटी न्यायची सवय नाही, शब्दाला मागून प्रत्यय लावायची सवय नाही. आपल्याला ती जन्मापासून आहे.

"बसने शाळेला जातो" हे वाक्य घ्या. जपानीत ते "बासु दे गाक्कोऽ नि इकिमास" असं होतं. 'बासु' म्हणजे बस, 'दे' म्हणजे ने, 'गाक्कोऽ' म्हणजे शाळा, 'नि' म्हणजे ला, आणि शेवटी 'इकिमास', जातो. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. 'मी' म्हटलं नाही तरी चालतं, तेही आपल्यासारखंच. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा : "इकिमास का?", म्हणजे "जाता का?" "छान आहे ना" म्हणताना आपण 'ना' जोडतो, तिथे ते 'ने' जोडतात.

याहून आत गेलं की खरी गंमत कळते. मराठीत आपण "खाऊन बघ" म्हणतो. बघायचं काहीच नसतं, चव घ्यायची असते. जपानीत 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणे, आणि 'ताबेते मिरु' म्हणजे आपलं 'खाऊन बघणे'च. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे, पुढच्या सोयीसाठी आधीच काम उरकणे. इंग्रजी पुस्तकांत या रचना समजावायला पानं खर्च होतात. मराठी मुलाला एक ओळ पुरे. तरी आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांवरून शिकतात आणि इंग्रजांच्या अडचणी स्वतःच्या मानून बसतात. 'वाताशी' म्हणजे मी; 'वाताशी वा' मधला 'वा' म्हणजे 'आहे', असा घोटाळाही तिथूनच येतो. 'वा' म्हणजे 'आहे' नव्हे. कशाविषयी बोलतोय ते तो दाखवतो, साधारण आपल्या "माझं म्हणाल तर" सारखा.

पण या सारखेपणावरून दोन्ही भाषा एका कुळातल्या असं कोणी समजू नये. 'का' चा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे. तसंच जपानी ही चिनीची बोलीही नाही. चिनीतून लिपी आली, ढीगभर शब्द आले, व्याकरण मात्र स्वतःचं राहिलं.

"मग मराठी माणसाला सोपीच की!"

हाही गैरसमज आहे, आणि पहिल्या महिन्यातल्या उत्साहात तो हमखास होतो. मराठी जिथे दगा देते त्या जागा ठरलेल्या आहेत. "घरात आहे" आणि "घरात जेवतो" या दोन्हींत आपला 'त' एकच. जपानीत असणं सांगताना 'नि' आणि काम घडण्याची जागा सांगताना 'दे' लागतो. आपण बैलालाही 'आहे' म्हणतो, गाडीलाही. जपानीत जिवंत हालत्या-चालत्याला 'इमास' आणि निर्जीव वस्तूला, झाडालासुद्धा, 'आरिमास'.

आकड्यांत आधी मोठं सुख आहे. एकोणपन्नास, एकोणसाठ यांवर अडखळणाऱ्या मुलांना जपानी अंक फार आवडतात, कारण 49 म्हणजे सरळ 'योन-जूऽ-क्यूऽ', चार-दहा-नऊ. पण दहा हजारांवर हिशोब बदलतो. त्यांचं मोठं एकक 'मान', म्हणजे दहा हजार. आपला एक लाख तिथे 'दहा मान' होतो. बाजारभाव, पगार, भाडं सांगताना ही गफलत बरेच दिवस होत राहते.

नाती सांगतानाही जपून. दुसऱ्याच्या आईला 'ओकाऽसान' म्हणायचं, पण परक्यासमोर स्वतःच्या आईविषयी बोलताना 'हाहा'. समोरच्याला 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' म्हणणं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात आडनावापुढे 'सान' लावून बोलतात. स्वतःच्या नावापुढे 'सान' कधीच लावायचं नाही.

"देवनागरीत लिहून घेतलं की उच्चार येतो"

उच्चारात आपली बाजू भक्कम आहे, फक्त इंग्रजीने शिकवलेलं विसरावं लागतं. आपण टोयोटा, कराटे म्हणतो. जपानीत 'ट' आणि 'ड' नाहीतच. मूळ उच्चार तोयोता, काराते. 'त्सुनामी'तला पहिला आवाज इंग्रजांना जड जातो. मराठी माणसाने फक्त 'चूल' म्हणावं, त्यातला दंत्य 'च' तोच. 'चिंच' म्हणून पाहा : पहिला च जपानी 'चि'चा, दुसरा 'त्सु'चा. जपानी अनुस्वारही आपल्यासारखाच पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. वर्तमानपत्र म्हणजे 'शिम्बुन', तिथे 'ब'च्या आधी 'म्' होतो, जसा आपल्या 'आंबा'त होतो.

अडचण वेगळीच आहे. जपानी 'आ' ऱ्हस्व असतो, पण त्याचा रंग आपल्या 'आ'चा. छत्री म्हणजे 'कासा'. 'कस' लिहिलं तर आपण 'कस्' वाचणार, म्हणून काना द्यावा लागतो. आणि मग खरोखरचा दीर्घ 'आ' आला की दाखवायला नेहमीचं चिन्हच उरत नाही (इथे मी त्यासाठी 'ऽ' वापरला आहे). 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. वहीत दोन्ही सारखेच दिसतात! 'किते' म्हणजे येऊन, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. हे लांबी-आखूडपण आपल्या बोलण्यात ढिलं असतं, म्हणून कानाला मुद्दाम वळण लावावं लागतं. देवनागरीची कुबडी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टाकून थेट हिरागाना ही जपानी लिपी शिकावी, हे माझं ठाम मत आहे.

हिरागानाची मूळ अक्षरं 46. त्यांचा क्रम पाहिला की परका वाटत नाही : आ, इ, उ, ए, ओ, पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्खूंबरोबर सिद्धम लिपी आणि संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात पोचला, त्याचा हा ठसा. 'हा'च्या ओळीचा उच्चार पूर्वी 'प'कडे झुकणारा होता, हे लक्षात घेतलं तर 'त, न, प, म, य, र, व' ही आपली ओळखीची रांग दिसते.

कांजी या चिनी अक्षरांची भीतीही थोडी अवाजवी आहे. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेली कांजी 2136 आहेत, पण जपानी मुलंसुद्धा प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यांतली 1026च शिकतात. परीक्षेच्या पहिल्या पातळीला शंभरेक पुरतात.

"एन5 झालं की जपानला नोकरी"

हे सांगून पैसे घेणारे एजंट आहेत, आणि शेत गहाण ठेवून मुलाला पाठवू पाहणारे आई-बापही आहेत. म्हणून हे नीट समजून घ्या. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन5 ही सर्वांत खालची पायरी, एन1 सर्वांत वरची. कुशल कामगारांसाठी जपानने 2019 मध्ये वेगळा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी 2021 मध्ये भारताशी त्याविषयी करार केला. या व्हिसाला किमान एन4 किंवा त्याच तोडीची दुसरी भाषापरीक्षा लागते, शिवाय त्या-त्या कामाची कौशल्य परीक्षा. वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला आणखी एक भाषापरीक्षा असते. एन5 या व्हिसाला पुरत नाही.

जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. बीडकरांना त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. या परीक्षेत बोलायला लावत नाहीत. सगळे प्रश्न पर्यायांचे असतात. त्यामुळे प्रमाणपत्र हातात असूनही तोंड उघडत नाही, असं होऊ शकतं. कारखान्यात किंवा वृद्धाश्रमात काम पडतं ते बोलण्याशीच. क्लास लावताना फी विचाराल तशी तासाभरात प्रत्येक मुलाला किती वेळ बोलायला मिळतं तेही विचारा, आणि पैसे भरण्याआधी एक तास मागच्या बाकावर बसून स्वतः बघा.