ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली!
चुंबकीय 'फ्लक्स' म्हणजे काय आणि तो मोजतात कसा?

विजेवर चालणारी ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावू लागली. मात्र तिची चाहूल लागताच शहरातील एका जुन्या संस्थेला आपले बिऱ्हाड हलवावे लागले होते. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. ट्रामचे रूळ आणि जमीन यांतून वाहणाऱ्या विजेमुळे ही मोजणी बिघडणार, हे उघड होते. म्हणून तत्कालीन संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळला.

चुंबकीय क्षेत्र म्हणजे एखाद्या बिंदूपाशी चुंबकत्व किती तीव्र आहे, याचे माप. ते टेस्लामध्ये सांगतात. एखाद्या पृष्ठभागातून असे एकूण किती क्षेत्र आरपार जाते, ते सांगणारी राशी म्हणजे चुंबकीय अभिवाह. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र सर्रास 'फ्लक्स' हाच शब्द चालतो. सरळ कोसळणाऱ्या पावसात परात आडवी धरली तर पुष्कळ पाणी जमते, कलती धरली तर कमी आणि उभी धरली तर जवळजवळ काहीच नाही. फ्लक्सही असाच क्षेत्राची तीव्रता, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि कल या तिन्हींवर ठरतो. फरक इतकाच, की पाऊस खरोखर पडतो; फ्लक्समध्ये काहीही वाहत नाही.

त्याचे एकक वेबर. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांचे नाव त्याला दिले आहे. एक चौरस मीटरमधून एक वेबर म्हणजेच एक टेस्ला.

स्थिर फ्लक्स तारेच्या वेटोळ्याला जाणवतच नाही. जाणवतो तो बदल. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले हेच तत्त्व 'फ्लक्समीटर' वापरतो. समजा, १०० वेढ्यांचे, १० चौरस सेंटिमीटरचे वेटोळे अर्ध्या टेस्लाच्या क्षेत्रात काटकोनात धरले आहे. ते एका सेकंदात बाहेर ओढले, तर सरासरी ०.०५ व्होल्ट दाब निर्माण होतो. झटक्यात, ०.१ सेकंदात ओढले तर ०.५ व्होल्ट. दाब आणि वेळ यांचा गुणाकार मात्र दोन्ही वेळा ०.०५ च! उपकरण ही बेरीज करते, तिला वेढ्यांच्या संख्येने भागते आणि उत्तर देते : ०.०००५ वेबर. हात भरभर चालला की सावकाश, याने फरक पडत नाही. बाजारात मिळणारा 'हॉल प्रोब' एका ठिकाणचे क्षेत्र दाखवतो, फ्लक्स नव्हे. ही गल्लत अनेकदा होते.

पृथ्वीचे क्षेत्र याहून फारच क्षीण, ठिकाणानुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. त्यातील फेरफार तर नॅनोटेस्लात मोजतात. इतक्या सूक्ष्म आकड्यांचा उपयोग काय, असे वाटू शकते. पण शेकडो किलोमीटरची वीजवाहिनी, तिच्या टोकांचे ट्रान्सफॉर्मर आणि खालची जमीन मिळून एक अवाढव्य वेटोळेच तयार होते. सौर वादळात त्यातील फ्लक्स बदलला, की नको असलेली वीज वाहू लागते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अशीच दीड-दोन मिनिटांत कोलमडली. सुमारे ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले.

त्याहून मोठे वादळ सप्टेंबर १८५९ मध्ये येऊन गेले होते. तेव्हा कुलाब्याला क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे अभ्यासक आजही हाच आकडा काढून पाहतात. अलिबागच्या नोंदी आता पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत येतात.