चार-आठच्या टेबलावर हातात काय उरतं?

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोता भेटायला थांबला होता. कॅलिफोर्नियात सॅन होजेला नोकरी करतो आणि दर शनिवारी तिथल्या कार्डरूममध्ये पोकर खेळतो. म्हणाला, ‘सर, माझ्या टेबलावरचे लोक वाट्टेल ते खेळतात, मी त्यांच्यापेक्षा नक्कीच बरा आहे. तरी वर्षभरात पैसे गेलेच. असं कसं?’ आज त्यावरच बोलू.

खेळ कुठला, तर ४-८ लिमिट होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते, मग मधे सगळ्यांसाठी आधी तीन, मग एक, मग आणखी एक. पहिल्या दोन फेऱ्यांत पैज ४ डॉलरची, पुढच्या दोन फेऱ्यांत ८ ची. वाढवायचं तरी तेवढ्यानंच. तीनपत्तीत चाल वाढवत नेऊन समोरच्याला घाबरवता येतं, पॅक करायला लावता येतं. इथे ते हत्यारच काढून घेतलंय.

आता कार्डरूम. पोकरमध्ये ती स्वतः खेळत नाही. खेळाडू एकमेकांशी खेळतात आणि खोली फी घेते. कॅलिफोर्नियात ही फी पॉटच्या टक्केवारीनं घेता येत नाही, डाव सुरू होण्याआधी ठरलेली रक्कम असते. ऐकायला बरं वाटतं. पण ठरलेली रक्कम म्हणजे छोट्या टेबलाला ती जड जाणार, हे उघड आहे.

समजा दर डावाला फी ५ डॉलर आणि जॅकपॉटसाठी १. तासाला ३५ डाव झाले. म्हणजे २१० डॉलर टेबलावरून गेले. शिवाय डाव जिंकणारा डीलरला एक डॉलर टिप देतो, ते ३५. एकूण २४५. नऊ जण बसले असतील तर माणशी तासाला २७ डॉलर. सगळे अगदी सारखेच हुशार असतील तर प्रत्येक जण तासाला २७ डॉलर हरतो! पाच तासांच्या शनिवारी टेबलावरचे बाराशेहून जास्त डॉलर उडून जातात आणि कुणालाच वाटत नाही की ते आपल्या खिशातून गेले. २०-४० च्या टेबलावर हेच २७ म्हणजे एक मोठी पैजसुद्धा नाही. ४-८ वर त्या तीनपेक्षा जास्त मोठ्या पैजा आहेत.

मग नफा यायचा कुठून? इतरांच्या चुकांतून. एक चूक किती रुपयांची, सॉरी, किती डॉलरची, ते बघू. (हशा) पाच जणांनी ४-४ टाकले, २० झाले. तीन पत्ते उघडल्यावर चौघांनी परत ४-४, ३६ झाले. फीचे ६ गेले, ३० उरले. चौथा पत्ता आला, एकानं ८ लावले, दुसऱ्यानं दिले. पॉट ४६. तुमच्याकडे बदामचे चार पत्ते जमलेत, पाचवा हवाय. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे ३७ वाईट, ९ चांगले. चारास एकपेक्षा जरा जास्त. आणि मिळतंय किती? ८ टाकून ४६, म्हणजे पावणेसहास एक. द्या बिनधास्त.

आता शेजारच्याचं बघा. त्याला सीक्वेन्सच्या मधला एकच आकडा हवाय. पत्ते चार, वाईट ४२. साडेदहास एक. तरी तो ८ टाकतो. शेवटच्या फेरीत त्याला आणखी ८ मिळतील असं धरलं तरी ही चाल त्याला सरासरी अडीच डॉलरहून थोडी जास्त महाग पडते. कधीतरी त्याचा पत्ता लागतो आणि तुमचं डोकं फिरतं, पण तुमचा पगार तोच देतोय. फक्त एक लक्षात घ्या: नुसते २७ भरून काढायला तासाला अशा दहा चुका लागतात, आणि त्यांचा फायदा एकट्या तुम्हाला नाही, पॉटमधल्या सगळ्यांना वाटून मिळतो.

मी त्या तरुणाला विचारलं, दहातले किती डाव खेळतोस? ‘पाच-सहा.’ तिथेच अडचण आहे. फी निघते पॉटमधून, म्हणजे देतो तो जिंकणारा. कमी डावांत उतरलात तर फीतला तुमचा वाटाही कमी. मोजके, चांगले पत्ते घेऊन उतरायचं, चांगलं पान असलं की दर फेरीला पैज लावायची, आणि थापा जवळजवळ बंद. ४६ च्या पॉटला ८ ची थाप कोण घाबरणार?

हे सगळं नीट जमलं आणि तासाला खरोखर ४ डॉलर सुटू लागले, तर? वर्षाचे २५० तास, हजार डॉलर. पण चढउतार तासाला साधारण ८० डॉलर धरले, तर २५० तासांत ते साडेबाराशेच्या वर जातात. तासांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतात ते. म्हणजे जिंकणारा खेळाडूही पाचातलं एखादं वर्ष तोट्यात काढतो. आणि हरणारा एखादं वर्ष फायद्यात काढून स्वतःला उस्ताद समजतो, ते वेगळंच.

म्हणून त्याच्या एका वर्षावरून तो चांगला की वाईट, हे मी सांगू शकलो नाही. वहीत दर शनिवारी तीन आकडे लिही म्हटलं: तास, नफा-तोटा, आणि किती डावांत उतरलास. बसण्याआधी फी विचार. आणि निम्मं टेबल रिकामं असेल, फी मात्र तीच असेल, तर कॉफी पिऊन घरी जा.